जामखेडकडे, पत्र्याच्या खोलीतलं वादळ

मे महिन्यात जामखेडकडे कुणी हौसेनं जात नाही. मावशी फोनवर म्हणाली, "उन्हाळ्यात कुनी फिरकत न्हाई आमच्याकडं. तू तरी ये." मी गेले.

पुण्याहून सकाळी सहाची एसटी. नगरला गाडी बदलावी लागते. बायकांना अर्धं तिकीट आहे, जागेची खात्री नाही. मी आष्टीपर्यंत उभी होते. जामखेडहून गावाकडे जाणारी जीप भरल्याशिवाय निघत नाही. जाणार असाल तर पाणी सोबत ठेवा.

मावशीचे यजमान, म्हणजे काका, निवृत्त शिक्षक. गाव त्यांना मास्तर म्हणतं. घराच्या मागच्या दोन खोल्या दगडी. पुढची मोठी खोली लोखंडी पाइपांवर पत्रे टाकून केलेली. गावातल्या ख्रिस्ती घरांची रविवारची उपासना तिथेच होते. समोर, गल्लीपलीकडे, सखूबाईंचं मातीचं घर. सखूबाई एकट्या राहतात.

दुपारी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी जेवून मी पडले होते. चारच्या सुमारास उजेड पिवळा झाला. पश्चिमेकडून धुळीची भिंत आली आणि पत्रे वाजू लागले.

"पायपाला धरा!" काका ओरडले.

इथली रीत अशी: वारा सुटला की घरातल्या सगळ्यांनी छपराच्या आडव्या पाइपाला लोंबकळायचं. माणसांच्या वजनानं छप्पर दबून राहतं म्हणतात. आम्ही तिघं स्टुलांवर चढून लटकलो. मध्ये मी.

"मागं दगडी खोलीत जाऊ," मी म्हणाले.

"पत्रं सुटलं तर सखूबाईच्या घरावर जातील. म्हातारी आत हाय," काका म्हणाले.

"आवो, तुमचं वय काय, लटकताय काय!" मावशी ओरडली. तीही लटकतच होती.

मग पाइप वर गेला. वीतभर. माझ्या पायाखालचं स्टूल पडलं. पाइप खाली आला, पुन्हा वर गेला. आपण छपराला धरलेलं नाही, छप्पर आपल्याला धरून आहे, हे मला तेव्हा कळलं. मी हात सोडले.

मी पडले. पाठोपाठ मावशी पडली. काका तसेच लटकलेले. छपराचं टोक उचललं गेलं, तशी त्यांची पावलं माझ्या डोक्याच्या उंचीवर आली.

"सोडा!" आम्ही दोघी ओरडत होतो. "सोडा वो!"

त्यांनी सोडलं. उजव्या खांद्यावर आपटले. छप्पर गल्लीवरून, सखूबाईंच्या घरावरून गेलं आणि पलीकडच्या बाभळीत अडकलं.

वारा पडल्यावर सखूबाई कोंबडी काखेत घेऊन बाहेर आल्या. "मी खाटंखाली हुते," त्या म्हणाल्या. काकांकडे बघून म्हणाल्या, "माज्यासाठी लटकला व्हय मास्तर? येडे हायसा तुमी."

काका हसले. मग वेदनेनं त्यांचा चेहरा पांढरा पडला.

जामखेडच्या दवाखान्यात खांदा बसवला. हात गळ्यात बांधून दिला. परतताना जीपमध्ये काका म्हणाले, "पुन्याची मानसं धरायला कच्ची." मावशी म्हणाली, "गप बसा. तिनं सोडलं म्हनून मी सोडलं."

दोन दिवसांनी मी परतले. तिकडे उन्हाळ्यात गेलात आणि वारा सुटला, तर दगडी खोलीत जा. छपराला लटकू नका. कितीही प्रेमानं सांगितलं तरी.

पुण्यात आता तळहातांवरचे वळ गेले आहेत. काकांचा उजवा हात अजून वर जात नाही. फोनवर ते म्हणतात, डावा हात हाय की. सखूबाई रोज दूध आणून देतात म्हणे.

मी हात सोडले ते चुकलं, असं मला वाटत नाही. पण मी सोडताना बोलले नाही. माझं वजन एकदम गेलं, आणि काकांना हे स्वतः वर उचलले गेल्यावरच कळलं. सांगून सोडायला हवं होतं.