बावीस मिनिटं उशीर

दहा वाजून बावीस मिनिटांनी मी त्या काळ्या खडकाशी पोचलो. पोचायचं होतं दहाच्या आत. आमचा गाइड कार्ल याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, आणि म्हणाला, "मिस्टर साने, आपण इथून परत फिरतोय."

मला वाटलं, थोडं थांबू या असं म्हणतोय. मी पाण्याची बाटली काढली.

"बसा, पाणी प्या, श्वास घ्या," तो म्हणाला. "पण मग खाली."

ही जागा वॉशिंग्टन राज्यातल्या एका ज्वालामुखीच्या अंगावर, सात हजार दोनशे फुटांवर होती. साल ऐंशीच्या दशकाच्या मध्यातलं. मी तिथे हौसेने गेलो नव्हतो. मी सत्तेचाळीस वर्षांचा, फ्रीमाँटला घर असलेला, विमा कंपनीतला लॉस कंट्रोल इंजिनियर. कंपनी एखाद्या धंद्याला पॉलिसी देते, त्याआधी तिथे अपघात होण्याची शक्यता किती आहे ते बघायला माणूस पाठवते. तो माणूस मी. एरवी मी बॉयलर, लिफ्ट आणि आगीचे स्प्रिंकलर बघायचो. डोंगर बघणारा आमच्याकडे कोणीच नव्हता.

"ते लोक माणसं वर नेतात आणि खाली आणतात," माझा बॉस फ्रँक म्हणाला होता. "लिफ्टच आहे, अरविंद. जा."

त्या काळात असल्या धंद्यांना लायबिलिटीचा विमा मिळणं फार अवघड झालं होतं. ग्राहक पडला, त्याने कोर्टात खेचलं, तर भरपाई देणारा हा विमा. पेग नावाच्या पन्नाशीच्या बाई ही गाइड कंपनी चालवत. इतर दोन विमा कंपन्यांनी त्यांना नकार दिला होता. जुनी पॉलिसी महिनाअखेर संपत होती, म्हणजे अकरा दिवसांनी. विमा नाही तर डोंगरावर माणसं न्यायचं परमिट नाही. परमिट नाही तर अख्खा उन्हाळा गेला. त्यांचा वर्षाचा सगळा धंदा त्या तीन महिन्यांत होई.

माझ्या फॉर्मवर एकतीस प्रश्न होते. त्यांतले सहा हिमनदीवरच्या चालण्याबद्दल. हिमनदी म्हणजे डोंगरावरून अगदी सावकाश खाली सरकणारा बर्फाचा जाड थर. सरकताना त्याला भेगा पडतात, काही शंभर फूट खोल. भेगेच्या तोंडावर ताजा बर्फ साठून पूल तयार होतो, आणि तो वरून साध्या जमिनीसारखा दिसतो. सकाळी थंडीत हा पूल घट्ट असतो, दुपारी उन्हाने मऊ पडतो. म्हणून सगळे एका दोराला बांधून घेतात, आणि म्हणूनच दहाची वेळ. दहाला खडकाशी असलात तर साडेनऊ हजार फुटांपर्यंत जाऊन पूल मऊ व्हायच्या आत परत येता येतं. हिमनदी खडकाच्या वर सुरू होत होती. मी खडकाशीच अडकलो होतो.

"कार्ल," मी म्हणालो, "वरचं बघितल्याशिवाय माझे सहा प्रश्न भरता येत नाहीत. ते भरले नाहीत तर पॉलिसी पुढे सरकत नाही."

"ठाऊक आहे."

"बावीस मिनिटं तर आहेत."

"इथे बावीस. तुमच्या वेगाने वर पोचेपर्यंत उशीर सव्वा तासाचा होईल."

मी मनात हिशेब केला. अठराशे फूट चढायला मला दोन तास बावन्न मिनिटं लागली होती. अजून तेवीसशे फूट बाकी होते. दमत जाणारा माणूस धरला तर त्याचा सव्वा तास कमीच होता.

आमच्यात सहा ग्राहक आणि दोन गाइड होते. कंपनीचा नियम, चार ग्राहकांमागे एक गाइड. दुसरी गाइड मला खाली घेऊन गेली असती तर वर एका गाइडमागे पाच जण राहिले असते. म्हणजे माझ्यामुळे सगळेच परत. हे सगळ्यांच्या आधी वॉल्टच्या ध्यानात आलं. वॉल्ट नेब्रास्काचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, दरवाज्याएवढा माणूस. तो साडेनऊलाच खडकाशी येऊन बसला होता.

"मी दीड हजार मैल गाडी चालवत आलोय," तो म्हणाला. "ह्यांना इथे थर्मास देऊन बसवा ना. येताना उचलू."

मला ते एकदम पटलं. "हो, मी बसतो इथे," मी म्हणालो. "हवा छान आहे. मला काही अडचण नाही."

कार्लने माझ्या सॅककडे पाहिलं. सॅकमध्ये माझा फॉर्म होता, आणि त्यावर एकोणिसावा प्रश्न होता, "ग्राहकाला डोंगरावर कधीही एकटं सोडलं जातं का?" त्याची एक प्रत त्यांना आधीच पाठवलेली होती. त्याने ती वाचली होती, हे मला त्या नजरेवरून कळलं.

तेवढ्यात रेडिओ वाजला. पेगबाई खाली ऑफिसात होत्या. कार्लने माझं नाव घेऊन परत येतोय असं सांगितलं.

"कार्ल, तो कोण आहे ते तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे. तो बावीस मिनिटं उशिरा आलाय."

"हिमनदीच्या काठापर्यंत तरी ने. नुसतं दाखव. माझं सगळं त्या कागदावर आहे, कार्ल."

"काठाशीच पहिली भेग आहे, पेग."

मग बाई म्हणाल्या, "बरं. या खाली."

आम्ही उतरलो. साडेसहा हजार फुटांवर एका मोकळ्या उतारावर कार्लने सगळ्यांना थांबवलं, दोर काढला, आणि भेगेत पडलेल्याला वर कसं ओढतात ते शिकवायला घेतलं. पडलेला कोणी व्हायचं याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. मला बर्फाच्या एका उंच बांधाखाली उतरवलं. वॉल्टने दोर असा खेचला की मी वर येऊन आणखी सहा फूट घसरत गेलो.

"ऑफिसर," तो हसत म्हणाला, "हे लिहा तुमच्या कागदात."

लिहिलं. दोर, कमरेला बांधायचे हार्नेसचे पट्टे आणि गाठी मी तिथे तपासल्या. सगळं नीट होतं.

पार्किंगच्या अलीकडे कार्ल माझ्या शेजारून चालू लागला. "तुम्ही आमच्या नोंदणी अर्जात तीन डोंगर चढल्याचं लिहिलं होतं. रॅजगॅड, टोर्ना, आणि तिसरा..."

"पुरंदर."

"ते वाचून मी तुम्हाला घेतलं. नाहीतर खालच्या फेरीला पाठवलं असतं. कधी चढलात?"

"कॉलेजात असताना."

"म्हणजे?"

"सव्वीस वर्षं झाली."

तो थांबला. "आणि तुम्ही इन्स्पेक्टर?"

सव्वीस वर्षांपूर्वीचं बॉयलर टेस्टिंगचं सर्टिफिकेट कोणी माझ्यासमोर ठेवलं असतं, तर मी तो बॉयलर त्याच दुपारी बंद करायला लावला असता.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर रिपोर्ट लिहायला बसलो. माझी बायको माधुरी शेजारी भाजी निवडत होती. तिला सगळं सांगितलं.

"अहो, पण तुम्ही खोटं लिहिलंत का?"

"खोटं नाही. तारीख लिहिली नाही."

"तारखेचा रकाना होता?"

"नव्हता."

"मग चूक त्यांची."

"त्यांची अर्धी. मला माहीत होतं की मी हल्ली फक्त सपाटीवर चालतो."

"मग तसं लिहा," ती म्हणाली. "आणि त्या बाईंचं रेडिओवरचं बोलणं? तेही लिहिणार? बिचारीचं पोट आहे त्यावर."

तेही लिहिलं. आठवा प्रश्न होता, "परत फिरण्याचा शेवटचा अधिकार कोणाकडे?" मी लिहिलं, "गाइडकडे. मालकिणीने विनंती केली, गाइडने नाकारली, मालकिणीने ते मानलं. नियम मोडण्याची विनंती तपासनीसानेही केली, दोनदा." हिमनदीच्या सहा प्रश्नांपुढे लिहिलं, "पाहिलं नाही. कारण तपासनीस वेळेत पोचला नाही." शेवटी सूचना केली की नोंदणी अर्जात शेवटच्या चढाईची तारीख विचारावी.

सोमवारी फ्रँकने बोलावलं. "सहा रकाने मोकळे?"

"हो."

"अरविंद, तो माणूस इतका काटेकोर आहे, वर काय दोर सोडून नाचणार आहे? 'समाधानकारक' लिही सहा वेळा आणि मोकळा हो."

"मी पाहिलेलं नाही, फ्रँक."

"आणि हे 'तपासनीसानेही विनंती केली' कशाला? हेड ऑफिस हसेल."

"हसू दे. गाइडवर दबाव कोणकोणाचा होता ते त्याशिवाय कळत नाही."

त्याने डोकं हलवलं आणि रिपोर्ट तसाच पाठवला. हेड ऑफिस हसलं नाही. त्यांनी पॉलिसी दिली, पण फक्त खडकापर्यंत. हिमनदीचा भाग कोणीतरी प्रत्यक्ष पाहीपर्यंत वगळलेला. पत्र पोचलं त्याच दुपारी पेगबाईंचा फोन आला.

"मिस्टर साने, तुम्हाला चालता येत नाही म्हणून मला अर्धा डोंगर मिळालाय?"

"हो, मॅडम."

"निदान नाही तरी म्हणा!"

"तसंच आहे, मॅडम. मी आजच दुसरा माणूस मागितलाय."

दुसरा माणूस म्हणजे आमच्या सिअॅटल ऑफिसचा एकोणतीस वर्षांचा टिम. पण तो सुट्टीवर होता. तो डोंगरावर गेला तेव्हा माझ्या चढाईला सतरा दिवस उलटले होते, आणि त्यांतले सहा दिवस नव्या पॉलिसीचे होते. त्या सहा दिवसांतल्या वरच्या सगळ्या फेऱ्या पेगबाईंना रद्द कराव्या लागल्या. टिम खडकाशी नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचला आणि त्याने सहाही रकाने भरले. पॉलिसी पूर्ण झाली. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे त्यांचा एकही क्लेम आला नाही.

यातून मी एवढंच शिकलो. माणूस नियम पाळतो का हे बघायचं असेल, तर नियम पाळून त्याचं नुकसान होत असेल अशा वेळी बघावं. तशी संधी मला त्या दिवशी मिळाली, आणि इतकी चांगली तपासणी मी नोकरीत पुन्हा केली नाही. मात्र त्या तपासणीपायी सहा दिवसांच्या रद्द फेऱ्या पेगबाईंनी सोसल्या, मी नाही, आणि हे त्या फॉर्मवर लिहायला जागा नव्हती.