डाव्या हातावरचं ऊन

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. असले अनुभव वाचून "काय वेड्यांचा बाजार आहे" म्हणत पान उलटणारी मी बाई. कुणी दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेतल्या तरी माझं डोकं फिरतं. त्यामुळे हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतोय. तसाही या गोष्टीत राग पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे... आणि तो बहुतेक सगळा माझा.

शहाण्णव साल. सिंगापूरला बिशानमध्ये अकराव्या मजल्यावर आमचा एचडीबी, म्हणजे सरकारी वसाहतीतला फ्लॅट. मी एका बँकेत सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट, नवरा श्रीकांत बंदरावर शिफ्टमध्ये. आणि माझे बाबा, मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. आई गेल्यावर मीच त्यांना रत्नागिरीहून आणलं होतं.

लोक म्हणायचे, बाबांनी अर्धं जग पाहिलं. बाबा म्हणायचे, "मी अर्ध्या जगातल्या गोद्यांची गेटं पाहिली." इंजिन रूममधल्या माणसाला जमीन दिसते कुठे? तरुणपणी त्यांचं जहाज फ्रान्समध्ये सँ-नाझेर बंदरात दोन महिने दुरुस्तीला पडलं होतं. तिथे ल्वार नदी समुद्राला मिळते. रोज संध्याकाळी धक्क्यावर सायकलवाले यायचे, धुळीने माखलेले, उन्हाने भाजलेले, आणि हसत असायचे. कुठून आलात विचारलं की नदीच्या वरच्या अंगाला हात करायचे. तिकडे काठाने किल्ले आहेत म्हणे, द्राक्षांचे मळे आहेत. झालं! तेव्हापासून बाबांच्या डोक्यात एकच. ऑर्लेआँ गावापासून नदीच्या काठाने सायकलवर निघायचं आणि त्याच धक्क्यावर येऊन उभं राहायचं. या खेपेला जमिनीकडून.

चौसष्टाव्या वर्षी इथल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपबरोबर त्यांनी ते ठरवलं. सायकल घेतली, रोज पहाटे चोआ चू कांगपर्यंत जाऊन यायला लागले. तिकीटही निघालं. आणि मे महिन्यात छातीत दुखलं. नोव्हेनाच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, इतका लांबचा प्रवास नको, घरात हळूहळू पेडल मारा हवं तर. मी त्याच दुपारी तिकीट कॅन्सल केलं. बाबांना न विचारता.

"मला विचारायचं तरी होतंस, सुलू."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"नाही."

"मग?"

त्यानंतर आठ दिवस आमच्यात अबोला. एका घरात! मी ताट वाढायची, ते "श्रीकांत, मीठ दे" म्हणायचे.

नवव्या दिवशी त्यांनी सायकलचं मागचं चाक एका लोखंडी स्टँडवर चढवलं. चाक जागच्या जागी फिरायचं. समोरच्या भिंतीवर ल्वारचा नकाशा आणि टाचण्या. जितके किलोमीटर इथे, तितकी टाचणी तिथे पुढे. ग्रुप जूनमध्ये निघाला त्याच दिवशी बाबाही "निघाले". रोज सकाळी नऊ वाजता ग्लोव्हज, अर्धी चड्डी आणि हेल्मेटसुद्धा! खोलीत! मी म्हटलं, "कपाट अंगावर पडणार आहे का?" तर म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

मला वाटलं, बरं झालं, पोरखेळात जीव रमतोय. ब्ल्वा झालं, आँब्वाझ झालं. जेवताना सांगायचे, आज किल्ल्याच्या गच्चीवरून नदी पाहिली, पाणी कमी आहे, मधे वाळूची बेटं उघडी पडलीयत. मी म्हणायची, "हो का? अजून एक पोळी घ्या."

तीन आठवड्यांनी तपासणीला नोव्हेनाला गेलो. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरचा पट्टा बांधायला बाबांची बाही वर केली आणि हसले. "अंकल, यू ड्राइव्ह व्हेअर? टॅक्सी ड्रायव्हर ऑल राइट हँड ब्लॅक वन. युवर्स लेफ्ट!"

मी पाहिलं. बाबांचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत तांब्यासारखा रापलेला. मनगटावर ग्लोव्हची रेघ, त्याखाली पंजा गोरा. डाव्या गालावर हेल्मेटच्या पट्ट्याची फिकट खूण. डाव्या पोटरीवर मोज्याची. उजवी बाजू मात्र जशीच्या तशी. रोज जेवताना ते समोर बसत होते. अबोला सुटला तरी मी त्यांच्याकडे नीट बघत नव्हते, म्हणून दिसलं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस बाहेर उन्हात सायकल चालवतोय! घरी येऊन मी श्रीकांतला धारेवर धरलं. दिवसा घरी तोच असायचा.

"तूच नेतोस ना त्यांना ईस्ट कोस्टला? खोटं बोलू नकोस!"

"अगं, सायकल स्टँडवरून उतरलेली तरी दिसली का तुला? खिडकीतून ऊन येत असेल."

खिडकी पाठीमागे होती आणि तिच्यासमोर दुसरा ब्लॉक. त्या खोलीत दुपारीसुद्धा दिवा लावावा लागायचा. मी म्हटलं, तुम्ही दोघं मिळून मला मूर्ख बनवताय. आणि मग मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुढच्या आठवड्यात श्रीकांतची दिवसपाळी होती. मी ऑफिसला जाताना बाहेरच्या लोखंडी गेटला कुलूप घातलं. स्वतःच्या बापाला कोंडलं. आग लागली असती तर? तेव्हा मला फक्त जिंकायचं होतं.

चार दिवस कुलूप. चौथ्या संध्याकाळी बाबांच्या डाव्या हातावरची कातडी सोलून निघत होती.

पाचव्या दिवशी लंचला मी टॅक्सी करून घरी आले. कुलूप जसंच्या तसं. आत चाकाची घरघर. मी त्यांच्या खोलीच्या दारात, पाठीमागे उभी राहिले. बाबा वाकून पेडल मारत होते. शर्ट पाठीला चिकटलेला. खोलीत ताज्या कापलेल्या गवताचा वास होता. समोर बघावं तर नकाशा, भिंत, टाचण्या. बाकी काही नाही, शप्पथ.

मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी मागे न बघता डावा हात खाली सोडला आणि बोटाने जमीन दाखवली.

ही खूण मला माहीत होती. लहानपणी रत्नागिरीला सुट्टीवर आले की ते पुढे आणि मी मागे, अशा आम्ही सायकली चालवायचो. मागच्याला खड्डा दिसत नाही, म्हणून पुढच्याने हाताने दाखवायचा. बाबा म्हणायचे, "मागचा आपल्या भरवशावर असतो, सुलू."

आणि मी, बँकेतली शहाणी बाई, माझ्या घराच्या गुळगुळीत टाइल्सवर पटकन उजवीकडे सरकले. खड्डा चुकवायला.

भीती वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभाव. मी जाऊन त्यांचा खांदा धरला आणि ओरडले, "उतरा! आत्ताच्या आत्ता उतरा!" ते दचकले. डोळे बारीक करून इकडेतिकडे पाहिलं त्यांनी, बाहेरच्या लख्ख उन्हातून एकदम घरात आल्यावर बघतो ना आपण, तसं. मग म्हणाले, "आलीस? मला वाटलंच, मागे तू आहेस. अगं, दोनच दिवस राहिले आता. नाँत, आणि मग समुद्र."

"मेलात तर कोण जबाबदार? मी?"

"सुलू, दोन दिवस दे."

नाही दिले. रविवारी भोंगा वाजवत भंगारवाला आला. त्याला इथे कारुंग गुनी म्हणतात. मी त्याला वर बोलावून सायकल, स्टँड, सगळं फुकट देऊन टाकलं. श्रीकांत म्हणाला, "तू फार वाईट करतेयस." बाबा सोफ्यावर बसून होते. फक्त लिफ्टचं दार लागेपर्यंत सायकलकडे बघत राहिले.

त्यानंतरच्या गुरुवारी नवा रिपोर्ट घ्यायला आम्ही नोव्हेनाला गेलो. डॉक्टर खुशीत. "व्हेरी गुड लाह, अंकल! व्हॉटएव्हर यू डुइंग, डोन्ट स्टॉप."

परतीच्या एमआरटी ट्रेनमध्ये मी बाबांच्या शेजारी बसून रडले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. डावाच.

घरी येऊन मी त्या नकाशासमोर उभी राहिले, पहिल्यांदाच नीट. टाचण्या उजवीकडून डावीकडे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला गेलेल्या. पश्चिमेकडे तोंड केलं की दक्षिण डाव्या हाताला. आपल्याकडे सिंगापूरला दुपारचं ऊन डोक्यावर असतं. तिकडे, वर उत्तरेला, ते दक्षिणेकडून येतं. म्हणजे त्या काठाने जाणाऱ्याचा डावाच हात रापणार.

दुसऱ्याच दिवशी मी नवी सायकल आणली, आधीच्यापेक्षा महाग. तसाच स्टँड. बाबा माझं मन राखायला रोज बसले, पंधरा दिवस. नऊ वाजता, हेल्मेट घालून. मी दारात उभी राहून त्यांचा डावा हात बघायची. हात हँडलवरून हलला नाही. टाचणीही हलली नाही.

"बाबा, किलोमीटर तर झाले. टाचणी सरकवा ना."

"कशाला, बाळ? नुसतं चाक फिरतंय." रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीपर्यंत तो हात उजव्यासारखा झाला. मी रोज बघत होते. आंघोळीहून आले की बघायची, आज किती फिका झाला. नंतर ते रत्नागिरीला परतले आणि दोन वर्षांनी तिथे झोपेतच गेले. नकाशा माझ्याकडे आहे. शेवटची टाचणी आँसनी नावाच्या गावावर आहे.

मी पुष्कळांना विचारलं. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी असेल. ॲलर्जीला ग्लोव्ह आणि मोज्याची रेघ येते का हो? श्रीकांत अजून खिडकीचंच म्हणतो, बिचारा. बंद घरात तो हात कसा रापला, गवताचा वास कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. वाचकांपैकी कुणाला येत असेल तर जरूर कळवा.

पण आँसनीपासून समुद्र जेमतेम शंभर किलोमीटर. तिथवर ते का पोचले नाहीत, हे मला कुणी सांगायची गरज नाही. मागे मी होते.