किंमत न लिहिलेलं बिल

साऱ्या धुळे जिल्ह्यात बिल घेतल्याशिवाय शिंकसुद्धा न देणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब! साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. राहायला दोंडाईच्याला. अख्खं गाव त्यांना नाना म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. पाटबंधारे खात्यात होते तोवर नाना गरीब गाय होते. चहात साखर नसली तरी मुकाट्याने पिऊन कप धुऊन ठेवायचे. निवृत्त झाल्यावर कुणीतरी त्यांना ग्राहकांच्या हक्कांवरच्या व्याख्यानाला नेऊन बसवलं. तो पापी कोण, ते मी अजून शोधतोय. कारण व्याख्यानाहून नाना घरी आले ते ग्राहक होऊनच. तेव्हापासून त्यांचं कुठलंही वाक्य ‘मी ग्राहक आहे’ असं सुरू होतं आणि समोरचा दुकानदार पाणी प्यायला आत गेला की संपतं.

भाजीबाजारात मेथीची एक जुडी घेतली तरी नानांना बिल लागतं. तिथली एक म्हातारी भाजीवाली त्यांना पुरून उरायची. “नाना, बील नई देत मी. भाजी लेवानी व्हई ते ल्या!” असं ती ठणकावून सांगायची. मग नाना जुडी हातात धरून तिला वस्तू, दोष, सेवा वगैरे समजावायचे, आणि तेवढ्यात ऊन चढून मेथी मान टाकायची. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी दिसली की त्यांचं डोकंच फिरतं. नाना कोपऱ्यावर दिसले की बाजारपेठेतले दुकानदार आधी ती पाटी उलटी करतात आणि मग ‘या नाना’ म्हणतात. एकदा एका कापडवाल्याची परीक्षा घ्यायची म्हणून त्यांनी चांगली नवीकोरी चादर परत नेली. त्या बिचाऱ्याने हसतमुखाने परत घेतली, वर चहा मागवला. नाना इतके गोंधळले, की येताना दोन चादरी विकत घेऊन आले. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, मला म्हणाल्या, “तुम्हाला काही कळतंय का हो यांचं?” मी काय सांगणार, कप्पाळ!

धुळ्याच्या बसस्टँडवर भर मे महिन्यात आम्हा दोघांच्या जिभा टाळूला चिकटल्या होत्या. पाणीवाल्याने गार बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त मागितले. “गार करायला लाइट लागते, काका,” तो म्हणाला. नाना म्हणाले, “मग गार न केलेली दे.” आणि उन्हात ठेवलेल्या खोक्यातली, आंघोळीला चालेल अशी बाटली आम्ही दोघं तत्त्व म्हणून प्यायलो. तत्त्व त्यांचं, पोट बिघडलं माझं.

हे सगळं मी सोसलं. पण नानांनी बापूंवर केस केली, तेव्हा माझी पार भंबेरी उडाली. बापू म्हणजे नानांचे लहानपणापासूनचे मित्र, गावात पत्र्याचे कूलर बनवून विकणारे. अक्का दर वर्षी त्यांना राखी बांधतात. आमच्याकडे मित्राच्या दुकानातून वस्तू घेताना भाव विचारत नाहीत. विचारला तर त्याला राग येतो. ‘घेऊन जा, मग पाहू’ एवढ्यावर सौदा होतो, आणि ते ‘मग’ काही येत नाही. कधी इकडून मिरच्यांचं पोतं जातं, कधी तिकडून लग्नाला मांडव घालायला चार माणसं येतात. नानांचा कूलरही असाच आला. तो निघाला एक नंबरचा वांड. गार वारा द्यायचं सोडून अंगावर पाणी उडवायचा. बापू ओशाळून म्हणाले, “उद्या दुसरा आणून बसवतो.” कुणीही ‘बरं’ म्हटलं असतं. नाना म्हणाले, “मेहेरबानी नको. मी ग्राहक आहे. दुसरा कूलर मला हक्काने पाहिजे.”

झालं! नानांनी घरी बसून नोटीस लिहिली आणि स्वतः दुकानात नेऊन दिली. बापूंनी चष्मा लावून ती वाचली, आपला पत्ता चुकला होता तो दुरुस्त केला आणि पोच दिली. मग नानांनी धुळ्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. तिकडे अक्कांनी बोलणं टाकलं. फोनवर मला रडत म्हणाल्या, “भावजी, निकाल कुणाच्याही बाजूने लागो, बापूभाऊ राखीला माझ्या दारात येईल का?” इतकी वर्षं मी नानांना हसत आलो होतो, त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे ठरण्याच्या दिवशी नाना सकाळीच आमच्या घरी हजर. आले कसे? बापूंच्या मोटरसायकलवर मागे बसून! ज्याच्यावर केस त्याच्याच कमरेला धरून हा माणूस दोंडाईच्याहून धुळ्याला आला होता. बायकोने जेवायला मुद्दाम फौजदारी डाळ, म्हणजे आमची ती झणझणीत खानदेशी डाळ, केली होती. अक्कांच्या वतीने तिचा तेवढाच निषेध. दोघांनी एका ताटातले पापड मोडून खाल्ले. जेवता जेवता बापूंनी विचारलं, “कागदं बठ्ठी लिधी ना? बील कोठे शे?” बिल नव्हतंच. जगाकडे बिल मागणाऱ्या माणसाने बापूंकडे कधी मागितलं नव्हतं. बापू घास हातात धरून म्हणाले, “नाना, बील नई, मंग तुनी केस कशी टिकी?” आणि त्यांनी खिशातून बिलबुक काढलं! स्वतःवरची केस टिकावी म्हणून माणूस बिल फाडतोय! मी भात कालवायचा थांबलो. बापूंनी नाव लिहिलं, ‘कूलर एक नग’ लिहिलं आणि किमतीपाशी पेन अडलं. “किती लिहू?” नाना म्हणाले, “खोटं नको.” बापू म्हणाले, “खरं तर ठरलंच नाही.” डाळ निवून गेली, रकाना रिकामाच राहिला.

आयोगाच्या अध्यक्ष एक बाई होत्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी बिल उलटसुलट करून पाहिलं. “यात किंमत नाही. किती ठरली होती?”

नाना बोटांवर काहीतरी मोजू लागले. मागून बापू उठले. “मॅडम, तुम्हीच लावा काय तो भाव.”

“आपण कोण?”

“मी आरोपी.”

“इथे आरोपी नसतो. आणि तुम्हाला अजून नोटीससुद्धा निघालेली नाही.”

“मग मी याला गाडीवर घेऊन येणारा,” म्हणत बापू बसले.

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. नानांना त्यांनी समजावून सांगितलं, “हे पाहा काका, यांनी कूलर विकला असेल, तुम्ही पैसे दिले असतील किंवा द्यायचे ठरले असतील, तर तुम्ही ग्राहक. असाच दिला असेल, तर तुम्ही ग्राहक नाही, आणि तक्रार चालणार नाही. नीट आठवून सांगा.”

बापू मागून दबक्या आवाजात म्हणत होते, “सांग ना, इकत लिधा म्हनीसन!” नाना वळले. बापूंकडे बघतच राहिले. ग्राहक म्हणावं तर बापू दुकानदार होत होते. अक्कांचा रडका आवाज माझ्या कानात येत होता.

“नाही मॅडम,” नाना म्हणाले. “यानं मला दिला. मी... मी ग्राहक नाही.”

बाहेर आल्यावर बापू नानांवर असे खवळले, की विचारू नका. “मला हरायचं होतं रे! तेवढ्या निमित्ताने तुझ्या घरी चांगला कूलर गेला असता!” नाना रुमालाने तोंड पुसत म्हणाले, “मग आण ना.” “कसा आणू? मेहेरबानी होईल!” “होऊ दे.” दोघंही एकमेकांकडे न बघता गाडीवर बसून गेले. माझा निरोपसुद्धा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी नवा कूलर आला, राखीला बापू आले, अक्का बोलायला लागल्या.

सगळं गोड झालं म्हणता, तर नानाच बदलले. परवा मी दोंडाईच्याला गेलो, तर बाजारात त्यांनी मेथी घेतली आणि चालू लागले. ती भाजीवाली काळजीने ओरडली, “नाना, आज बील नई मांगं? तब्येत बरी शे ना?” नाना नुसते हसले. त्यांनी हे वेड सोडावं म्हणून मी किती देव पाण्यात ठेवले होते! आणि आता ते सुटलं, तर माझ्याच जिवाला चैन पडेना. असं का व्हावं, खरंच कळत नाही.

ते मला बसस्टँडवर सोडायला आले. तिथल्याही पाणीवाल्याने गार बाटलीचे जास्त पैसे मागितले, आणि काय झालं कोण जाणे, मीच त्याच्याशी भांडलो. तावातावाने गार न केलेली बाटली घेतली. बाकावर बसून ते कढत पाणी आम्ही अर्धं अर्धं प्यायलो. बस लागली. मी चढलो, तेव्हा नाना खिडकीपाशी आले आणि हळूच म्हणाले, “बिल घेतलं का?”