दिघोरीच्या फोल्डरमधली सहावी फाईल

दोन वर्षांपूर्वी मी गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून रोवणीची, म्हणजे भाताच्या लावणीची गाणी रेकॉर्ड करत होते. मोहाडीत घरी आल्यावर यादीत प्रत्येकीची एक ओळ लिहायची: नाव, गाव, फाईल, मध्ये स्वल्पविराम. संगणकासाठी मी लिहिलेली छोटी स्क्रिप्ट ती यादी वाचून प्रत्येक फाईल त्या-त्या गावाच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची. दिघोरीचं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून मी तिथल्या अंगणवाडी सेविकेला दिलं. बायका तिनेच जमवल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. म्हणाली, "ताई, सहाव्या गाण्याच्या शेवटी माही माय बोलून राहिली."

तिची आई माझं काम सुरू होण्याआधीच वारली होती. आवाजासारखा आवाज असतो, असं मी तिला समजावलं. फोन ठेवल्यावर आठवलं, दिघोरीत मी पाचच बायका रेकॉर्ड केल्या होत्या.

स्क्रिप्ट एकेक ओळ करून चालवली. दर वेळी सहावी फाईल मुकाट्याने दिघोरीतच जाऊन बसायची. शेवटी प्रत्येक ओळीचे तुकडे पडद्यावर छापून पाहिले, तेव्हा चूक सापडली. नाकाडोंगरीच्या एका आजीच्या नावापुढे मी स्वल्पविराम देऊन तिचं माहेर लिहिलं होतं: दिघोरी. स्क्रिप्ट दुसरा तुकडा गाव आणि शेवटचा फाईल समजायची, म्हणून तिने तेच गाव धरलं. नाव आणि माहेर मिळून अवतरणचिन्हांत घातलं, वाचायची पद्धत बदलली, फाईल नाकाडोंगरीत गेली. मला हायसं वाटलं.

मग हेडफोन लावून ती फाईल शेवटपर्यंत ऐकली. गाणं संपलं. कोंबड्यांचा आवाज. आणि माइकच्या अगदी जवळून एक बाई हळूच म्हणाली, "बाई, कवाड लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळीच नाकाडोंगरी गाठली. आजीने मोबाइल कानाला लावून सगळं ऐकलं, पुन्हा ऐकलं. गाणं आपलंच, म्हणाली. ते बोलणं मात्र लहानपणी आपल्यासोबत भाताच्या एकाच बांधीत रोवणी करणाऱ्या मैत्रिणीचं. ती दिघोरीतच राहिली, तिची लेक तिथल्या अंगणवाडीत आहे, आणि ती आता नाही, हेही तिला माहीत होतं.

"ते तुमच्यासंगं आली होती का त्या दिवशी?" तिने विचारलं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी अंगणात आजी आणि मी, आम्ही दोघीच होतो. मी तसं सांगितलं. ती पदर सावरून आत गेली.

सेविकेला विचारलं, तुझ्याकडची फाईल काढून टाकू का? "राहू द्या," ती म्हणाली, "मी रोज आयकतो." मग मी स्क्रिप्टमध्ये त्या एका फाईलसाठी वेगळी ओळ लिहिली. ती फाईल आता दोन्ही गावांच्या फोल्डरमध्ये जाते. मी स्वतः मात्र ती पुन्हा उघडलेली नाही.