ताईनं काढलेला चेहरा

मित्रांनो, आज ताईचं अर्धं राहिलेलं चित्र पूर्ण केलं.

कडेगावच्या घरी आम्ही दोघी बहिणी ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या, मुली काढायचो. चेहरा, डोळे ताईचे आणि केस माझे, कारण तिला केस जमायचेच नाहीत. गेल्या महिन्यात ताई डेंग्यूनं गेली. तिचा शेवटचा चेहरा बिनकेसांचाच राहिला होता.

आज मी बटा काढत होते, तर एरवी "अब्यास सोडून कसली भुतं काढताय?" म्हणून ओरडणारी आई शेजारी येऊन बसली. बराच वेळ बघून म्हणाली, "आगं, मोकळी नगं सोडूस केसं. डोळ्यांवर येत्यात तिच्या. दोन वेण्या घाल."

मी माझ्या बटा खोडून वेण्या काढल्या. त्या निळ्या डोळ्यांच्या मुलीच्या गालावर बोट ठेवून आई म्हणाली, "झोप आता, बाळे."

आईला कसं सावरू? कुणी सांगाल का?