एकोणीस भाषांतली कीव

हॉटेलातले लोक त्याला वरखाली म्हणत. त्या सात मजली हॉटेलची जाळीच्या दाराची लिफ्ट तो बत्तीस वर्षं चालवत होता, म्हणजे नाव ठेवणाऱ्यांनी फार डोकं खाजवलं नव्हतं. डावा हात कोपरापर्यंतच होता. पुढचा तरुणपणी लाकडाच्या वखारीत करवतीखाली गेला. रिकामी बाही तो दुमडून पिनेने नीट टाचत असे. लिफ्ट चालवायला हात एकच लागतो, असं त्याने नोकरी मागताना सांगितलं होतं आणि मालकाला ते पटलं होतं.

परदेशी पाहुणे लिफ्टमध्ये शिरत, बाही बघत आणि आपापल्या भाषेत हळहळत. लिफ्टमनला आपली भाषा कुठली कळायला, अशी त्यांची खात्री असे. त्यामुळे कुठल्याही भाषेतला पहिला शब्द तो शिकला तो कीव. नमस्कार वगैरे मागाहून, आणि काही भाषांत तर अजून आलेलाच नाही. खिशातल्या वहीत असे एकोणीस शब्द जमले होते, प्रत्येकापुढे त्याचा शेरा. काही लोक कीव करताना माणसाला आधी गरीब म्हणून मोकळे होतात. हे पगाराबद्दल बोलताहेत असं त्याला बरीच वर्षं वाटायचं, आणि तेही काही खोटं नव्हतं. एका भाषेतला शब्द आपल्या दयेसारखा, वरच्या पायरीवरून खाली टाकलेला. दुसरीतला कणवेसारखा, बोलणाऱ्याच्याच पोटात कालवाकालव झालेला. 'च्च च्च' मात्र बहुतेकांचं सारखंच.

विसाव्या पानावर नुसता शब्द होता. पुढे अर्थ नाही, शेरा नाही. तो बायकोचा होता.

ती हॉटेलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. दूरच्या डोंगराळ मुलखातून आलेली, भाषा वेगळी, इथली जेमतेम समजायची. पहिल्याच दिवशी लिफ्टच्या दाराशी उभी राहून ती त्याच्या बाजूला बघत स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. वर्षभरात त्यांचं लग्न झालं. लग्नात त्याच्या थोरल्या बहिणीने डोळे पुसत भेटेल त्याला सांगितलं, "पोरगी देवमाणूस आहे हो. दया आली तिला." तेव्हापासून तिचा तो पुटपुटलेला शब्द त्याच्या मनात सलत राहिला. एकोणीस भाषांतली कीव त्याने निमूटपणे पचवली होती. घरात तेवढी ती नको होती. बायकोला विचारलं असतं तर मिनिटात निकाल लागला असता. म्हणूनच सव्वीस वर्षं त्याने विचारलं नाही.

परवा त्या मुलखातलं एक म्हातारं जोडपं पाचव्या मजल्यावर मुक्कामाला आलं. लिफ्टमध्ये म्हातारीने बाही पाहिली आणि नवऱ्याच्या कानाशी लागली. तोच शब्द. आयुष्यात पहिल्यांदा वरखालीची लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबली. त्या दिवशी आणखी चारदा तेच झालं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको मटारच्या शेंगा घेऊन बसली होती. त्याने वही तिच्यापुढे धरली.

"हे तू मला पहिल्या दिवशी म्हणाली होतीस. कीव ना?"

तिने चष्मा लावून वाचलं. "अक्षर काय भयंकर आहे तुमचं," ती म्हणाली. "हो. कीवच."

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. "म्हणजे ताई बरोबर बोलली होती. हात बघून तू..."

"हात कुठला? माझ्या पुढ्यात हनुवटीपर्यंत चादरी होत्या. लिफ्ट यायच्या आधी तुमचा आवाजच आला. लिफ्टशी बोलत होतात. 'चल बाई, दमलीस का, दोनच मजले राहिले.' मला वाटलं, अरेरे, या माणसाला बोलायला कोणीच नाही."

हे खरं होतं. आणि ते जगात कुणाला माहीत नाही असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

"तेव्हाच विचारायचं नाही का?" ती म्हणाली.

"भीती वाटायची."

"कसली?"

"तू हो म्हणशील याची."

"मग म्हटलं की आत्ता."

तिने शेंगांचा ढीग हाताने मधोमध दुभागला आणि अर्धा त्याच्यापुढे सरकवला. एका हाताने सोलायला त्याला दुप्पट वेळ लागे. सव्वीस वर्षांत तिने त्याच्या वाटणीतली एक शेंगही कमी केली नव्हती.

"आटपा," ती म्हणाली. "भूक लागलीय मला."