जा फुडं, मना कुठं पोचायचं नाय

मागून कोणी धापा टाकत आलं तरी ती वळून बघायची नाही. डावा हात नुसता बाजूला करायची आणि म्हणायची, "जा फुडं. मना कुठं पोचायचं नाय." आपण ऐटीत पुढे जायचो, चढ लागला की गुडघ्यांवर हात टेकून उभे राहायचो आणि ती त्याच चालीनं शेजारून निघून जायची. तेव्हा ती काहीच बोलायची नाही. चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

कोपरखैरण्यातल्या आमच्या बागेत पुढच्या बाजूला झोपाळे, फरशीचा रस्ता आणि हास्यक्लब आहे. मागच्या बाजूला झाडं इतकी माजली आहेत की लगतच्या बोनकोडे गावातली माणसं त्याला रानच म्हणतात. त्या रानातून एक मातीची वाट जाते. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला पळायला लावलं, आणि फरशीवर ओळखीची माणसं फार भेटतात म्हणून मी त्या वाटेला लागलो. तिथे ती होती. साठी ओलांडलेली, बोनकोड्याची, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, पदर कमरेला खोचलेला आणि पायात मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही म्हणू लागलो.

तिच्या पळण्याला पळणं म्हणावं की नाही, यावर पळणाऱ्यांमध्ये वाद होते. पावलं आखूड आणि भराभर, मान ताठ, हात जवळजवळ स्थिर. एकदा मी विचारलंच, हे शिकलात कुठे? म्हणाली, "डोक्यावर मासलीची पाटी असली की चालून भागत नाय, मासली खराब व्हते. तवाची चाल हाय. पाटी गेली, चाल ऱ्हायली." मासळीचा बाजार करणं सुटल्यावर ती वर्षभर घरात बसली होती आणि त्या वर्षात आपण म्हाताऱ्या झालो, असं तिचं म्हणणं होतं. नंतर ती रानात यायला लागली आणि ते म्हातारपण तिनं पुन्हा कधी घरात घेतलं नाही.

मुलाला हे पटत नव्हतं. गावात त्याच्या भाड्यानं दिलेल्या खोल्या होत्या, चार लोकांत मान होता. "आमची म्हातारी बागेत पलते, लोकं हसतात," असं तो माझ्यासमोर म्हणाला होता. ती शेजारीच उभी होती. "हसू दे की. हास्यक्लबवाले तर पैसे भरून हसतात," असं म्हणून ती निघाली.

पुढे मी सकाळच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये गेलो, त्यांनाही ती थोडी खुपायची. आमचे टी-शर्ट एका रंगाचे, मनगटावर घड्याळं, आणि सेक्रेटरी मूळचा साताऱ्याकडचा, मसाल्याचा व्यापारी, शिस्तीचा भोक्ता. एका रविवारी आम्ही त्या वाटेवर 'ट्रेल रन' नावाची शर्यत ठेवली. ज्यांच्या छातीवर नंबर नाही त्यांनी त्या दिवशी वाटेवर येऊ नये, असं सेक्रेटरीनं तिला आदल्या दिवशी बजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

त्या वाटेच्या मध्यावर शेंदूर फासलेला एक दगड आहे. ती बोनकोड्याची रानातली देवी. वाट तिला वळसा घालूनच जाते. सेक्रेटरीनं स्वतः आदल्या संध्याकाळी फक्कीनं बाण काढले होते, पण मैदानावर पळतात तसे, डावीकडे वळत. म्हणजे देवी डाव्या हाताला. मी तिथे वळण दाखवायला झेंडा घेऊन उभा होतो. पहिली दोन-चार पोरं भुर्रकन गेली. मग साताऱ्या-सांगलीकडच्या बायकांचा घोळका आला. त्यांनी बाण बघितला, देवी बघितली आणि त्या थबकल्या. उलटी प्रदक्षिणा कोण घालणार? मागचे पुढच्यांवर येऊन आदळले. सेक्रेटरी लांबून ओरडत आला, "थांबलात का? टायमिंग बिघडतंय!" पण बाण त्यानेच काढलेले, आणि देवीसमोर आल्यावर बूट काढायला वाकला तोही. तसाच अर्धवट वाकून राहिला बिचारा.

तेवढ्यात गावाकडच्या कुंपणातून मावशी आली. नंबर नाही, काही नाही. तिनं गर्दीवर एक नजर टाकली, बाण पुसायला पायसुद्धा उचलला नाही, आणि देवीला उजवीकडे ठेवून आपल्या रोजच्या वाटेनं निघाली. सगळा घोळका तिच्यामागून.

"मावशी, तुम्हाला सांगितलं होतं ना?" सेक्रेटरी म्हणाला.

"तुमी सांगितलंत, मी आयकलं. येनार नाय असं मी कदी बोल्ले?"

मी झेंडा खाली केला आणि त्यांच्यात सामील झालो. इतकी मजा मला नंतर कुठल्याही शर्यतीत आली नाही.

पुढच्या पावसाळ्यात ती मुळाला अडखळून पडली. मनगट मोडलं. मुलानं बजावलं, आता बास, बूट फेकून देईन. चार दिवसांनी ती प्लास्टरचा हात गळ्यात बांधून हजर. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "हात मोडलाय. पाय नाय मोडला."

मग मुलानं सुनेला पाठवायला सुरुवात केली. सून शांत, अंगानं भरलेली, हातात स्कूटरची चावी. "आई, घरी चला, ते रागावलेत." सासू थांबायची नाही. "बोल की, आयकते हाय मी." आता निरोप द्यायचा म्हणजे शेजारून पळणं आलं. पहिल्या दिवशी सुनेला देवीपर्यंतही दम पुरला नाही. महिनाभरात तिचा निरोप गावाच्या कुंपणापर्यंत लांबायला लागला, आणि दोघी हसत बाहेर पडायच्या. कशाला, ते आम्हाला कधी कळलं नाही. मुलाला वाटत होतं, बायको म्हातारीला आणायला जाते.

यंदा दिवाळीनंतर मावशी तापानं गेली. दोन दिवसांचं आजारपण. स्मशानातून बाहेर आल्यावर लोक म्हणाले, या वयात पळायला कोणी सांगितलं होतं? मला संताप आला. ताप डासानं दिला होता, वाटेनं नाही. घरात बसलेल्या कितीतरी बायका त्याच तापानं गेल्या, त्यांना कुणी बसण्याबद्दल बोल लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी रानात गेलो, तो समोर तिची सून. घरात सुतक, दारात माणसं बसलेली, आणि ही गाऊनवर ओढणी घेऊन वाटेवर पळत होती. देवीचं वळण आलं तशी ती अलीकडेच वाट सोडून लांबून वळली आणि झाडांमधून आडवी जाऊन पुन्हा वाटेला लागली. मी तिला गाठलं.

"आज कशाला आलात? घरी काय म्हणतील?"

"सुतक देवीला लागतं. रानाला नाय लागत." ती पळतच होती. "म्हनू दे काय ते."

थोडं अंतर आम्ही तसेच गेलो. मग ती म्हणाली, "तिकडं बायका गल्यात पडून रडतात. मी रडते का ते बगतात. मना येतच नाय, दादा. दगडासारखी बसून ऱ्हायले दोन दिवस. हितं येतं."

तिचा चेहरा भिजलेला होता आणि पाय थांबले नव्हते. मी मुद्दाम मागे पडलो. आज या वाटेवर तिच्याशी कुणी बोलायला नको होतं. मागून सेक्रेटरी घड्याळ बघत येत होता. मी दोन्ही हात पसरून वाट अडवली.